निळ्या पट्ट्यांचा शर्ट

ब्लाऊजपिसांच्या उरलेल्या तुकड्यांतून मी माशांच्या आकाराच्या छोट्या पर्स शिवते. आरे-वारेच्या किनाऱ्यावर येणारे पर्यटक त्या हौसेने घेतात, आणि त्यातही बांगडा सगळ्यात आधी संपतो. बांगड्याला हवं तसं निळ्या पट्ट्यांचं कापड घरात एकच होतं, खुंटीवरचा नवऱ्याचा, ऋत्विकचा जुना शर्ट. ऋत्विक मासेमारीच्या बोटीवर गेलेला. शर्टाकडे नजर गेली तरी सासरे ओरडायचे, "ठेव गो ती कात्री! माणूस दर्यात असला की त्याच्या कपड्याला कात्री लावायची नाय."

वादळाची बातमी आल्यापासून ऋत्विकचा फोन लागत नव्हता. मी शिवतच राहिले, कारण मशीन थांबलं की नको नको ते डोक्यात यायचं.

आज दुपारी सासऱ्यांचा फोन वाजला. तो घेऊन ते मागच्या पडवीत गेले. त्यांचं बोलणं थांबलं, तरी ते आत येईनात. माझा पाय मशीनच्या पायट्यावरच राहिला, उठून विचारायचा धीर होईना.



शेवटी ते आले, माझ्याकडे न बघता त्यांनी खुंटीवरचा शर्ट काढला आणि माझ्या कात्रीशेजारी आणून ठेवला.