शेवटच्या दोन वायरी

शेडमधल्या चार बॅटऱ्यांपुढे आर्डिस पाना धरून उभी होती. मागे जावई क्लेटन, हाताची घडी घालून. ठरलं होतं ते सरळ होतं: आज तिला एकटीला जमलं, तर हा हिवाळा इथंच डोंगरावर. नाही जमलं, तर ट्रकमधून थेट स्पोकेन शहरात, लेकीकडे.

दिवसा सौर पॅनेलवर भरायच्या म्हणून बॅटऱ्या चोवीस व्होल्टवर जोडलेल्या. घराला बाराच चालतात. घरात चोवीस गेले की दिव्यांपासून फ्रिजपर्यंत सगळं जळून खाक. रोज ऊन कललं की तिचा नवरा लाइल जोडणी बदलायचा. त्याला जाऊन नऊ दिवस झाले होते आणि तेवढे दिवस घर कंदिलावर होतं.

तिनं एकेक वायर सोडवली, दुसरीकडे आवळली.

“थांबा! लाल वायर मायनसला लावताय!” क्लेटन ओरडला.

“लाल-काळं बघू नकोस. लाइलला स्वस्तात लाल मिळाली, म्हणून सगळीच लाल.”

क्लेटन वीस वर्षं वायरमनचं काम करत होता, तरी त्याचं डोकं गरगरलं. असलं काम माणूस करतो की माकड?

शेवटी घराकडे जाणाऱ्या दोनच वायरी उरल्या. आर्डिसचा हात थबकला.

“कुठली कुठं?” क्लेटननं विचारलं.

“कुणास ठाऊक.”

“चाळीस वर्षं बघताय ना?”

“इथवरच बघितलंय. या वेळी तो मला आत पिटाळायचा, लाईट आली की सांग म्हणून.” ती गोंधळून वायरींकडे बघत राहिली. मग म्हणाली, “तू आत जा. दिव्याखाली उभा राहा.”

का, ते त्याला कळेना. तरी गेला. स्वयंपाकघरात अंधारून आलं होतं. चुलीवर घेवडा रटरटत होता.

“आली का?” शेडमधून हाक आली.

“नाही!”

बराच वेळ काहीच नाही. मग दिवा लागला.

“आली! आली!” तिला न्यायला आलेला माणूस पोरासारखा ओरडला. उत्तर आलं नाही, तसा घाबरून शेडकडे धावला.

आर्डिस धडधाकट उभी होती.

“कसं कळलं?”

“दोन्ही वायरी हातातून सोडून दिल्या. जी जिकडं वाकली, तिकडं लावली. चाळीस वर्षांत त्यांनाही वळण पडलंय.” तिनं पाना खिळ्याला अडकवला, पण जागची हलली नाही. “आता पुढचं म्हण.”

“पुढचं काय?”

“‘आली. आता जेवायला ये.’ रोज मी त्याला म्हणायचे तसं.”

उद्या हे कोण म्हणणार, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तो परत आत गेला, दिव्याखाली उभा राहिला आणि ओरडला.