तळव्यावरचा आकडा

"मिनिटाला वीस श्वास घेणारा माणूस दीड तासात निळा पडतो व्हय?"

मेट्रनबाईंनी तक्ता टेबलावर आडवा ठेवला आणि समोर उभ्या असलेल्या दोघींकडे आळीपाळीने पाहिले. अक्कलकोटच्या गुरुबसप्पांना नुकतेच अतिदक्षता विभागात हलविण्यात आले होते. तक्त्यात दुपारी बाराच्या रकान्यात, नाडीच्या खाली, श्वसनाचा आकडा वळणदार अक्षरात होता. वीस. निरोगी माणसाचा असावा तसा.

धम्मप्रियेचे लक्ष मात्र टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पडलेल्या आपल्या प्रात्यक्षिक वहीकडे होते. उद्या सकाळी तिची परिचारिकेची परीक्षा होती. शेवटच्या पानावर मेट्रनबाईंची सही झाल्याविना तिला परीक्षेस बसता येणार नव्हते. बाकी सर्व पानांवर शेजारी उभ्या असलेल्या चन्नम्मा सिस्टरांच्या सह्या होत्या. वॉर्डातील इतर मुली त्यांना सिस्टर म्हणत. धम्मप्रिया अक्का म्हणे.

त्या क्षणी तिला यत्किंचितही भीती वाटत नव्हती. बारा वाजता गुरुबसप्पांचे मनगट तिनेच धरले होते. नाडी मोजून झाल्यावरही ते न सोडता, त्यांच्या छातीकडे पाहत, ती पूर्ण एक मिनिट उभी राहिली होती. ही अक्कांचीच शिकवण. श्वास मोजतोय हे माणसाला कळलं की तो खोटा श्वास घेतो, म्हणून कळू द्यायचं नाही. आकडा आला बत्तीस. वॉर्डाच्या रीतीप्रमाणे तिने तो बॉलपेनने डाव्या तळव्यावर लिहिला आणि तसाच धावत जाऊन अक्कांना दाखविला. अक्का तेव्हा सगळे तक्ते पुढ्यात घेऊन एका दमात भरीत बसल्या होत्या. डॉक्टरसाहेबांना मी कळवते, तक्त्यावर पण मीच चढवते, तू जरा टेकून घे जा, असे त्या म्हणाल्या होत्या.

आता अक्का हे सर्व सांगतील, याविषयी तिच्या मनात शंका नव्हती.

"हिनं वीस सांगितलं, मी वीस लिवलं," चन्नम्मा म्हणाल्या. स्वर मायेचा होता. "परीक्षेची पोरगी हाय, नीट मोजलं असंल म्हणून विश्वास टाकला. माझंच चुकलं की."

धम्मप्रियेला ते शब्द ऐकू आले, पण त्यांचा अर्थ लागण्यास वेळ लागला.

"अक्का, बत्तीस सांगितलं की मी. तुमी हात बगितला माझा."

"दाखव हात," मेट्रनबाई म्हणाल्या.

तिने तळवा पुढे केला. तो कोरा होता. साबणाचा वास अद्याप गेलेला नव्हता.

दहा मिनिटांपूर्वी अक्काच तिला बेसिनपाशी घेऊन गेल्या होत्या. मेट्रनबाईंपुढं जायचंय, आधी हात धुऊन घे, असे म्हणून नळ त्यांनी स्वतःच्या कोपराने उघडून दिला होता. तळवे, हातांची पाठ, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखे, मनगट. पहिल्या आठवड्यात शिकविलेला क्रम तिने जराही चुकविला नव्हता. अजून एकदा, अक्का म्हणाल्या होत्या. तिने अजून एकदा घासले होते. अक्का हातात टॉवेल धरून उभ्या होत्या, याचे तिला किती अप्रूप वाटले होते.

मेट्रनबाईंनी वही उचलली, उघडली नाही, आणि खणात ठेवून दिली. यंदाचं राहू दे, पुढच्या खेपेला बघू, असे त्या म्हणाल्या. मग गुरुबसप्पांची विचारपूस करण्यासाठी त्यांनी फोन उचलला आणि खुर्ची खिडकीकडे वळविली.

धम्मप्रिया रडली नाही. तिने उजव्या हाताच्या बोटांनी आपलेच डावे मनगट धरले. पाहणाऱ्यास वाटावे, पोरगी घाबरून आपलीच नाडी बघते आहे. तिची नजर मात्र चन्नम्मांच्या गणवेशावरील नावाच्या पट्टीवर होती. पट्टी वर जात होती, खाली येत होती. चन्नम्मांच्या डोक्यामागे भिंतीवरचे घड्याळ होते. सेकंदाच्या काट्याने एक पूर्ण फेरा घेईपर्यंत ती हलली नाही. अर्धे मिनिट मोजून दुप्पट करणाऱ्या मुलींना अक्का आळशी म्हणत असत.

मग तिने खिशातून बॉलपेन काढले आणि तळव्यावर एक आकडा लिहिला.

"काय लिवतीस गं?" चन्नम्मांनी दबक्या आवाजात विचारले.

धम्मप्रियेने तळवा त्यांच्यापुढे धरला.

"चौतीस, सिस्टर," ती म्हणाली. "तक्त्यावर तुमीच चढवा."