रीजनची व्हॅन

सिबिल टोरांटोत राहायची आणि तिची धाकटी बहीण जुडिथ शहराच्या हद्दीपलीकडे, मुलाच्या घरी. सिबिलला व्हीलचेअरसकट नेणारी शहराची व्हॅन हद्दीवरच्या मॉलपर्यंतच यायची. पुढे रीजनची, म्हणजे शहराबाहेरच्या भागाच्या वेगळ्या प्रशासनाची, व्हॅन लागायची आणि त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागायचा.

"मी करते अप्लाय," जुडिथ म्हणाली होती. तोवर दर मंगळवारी तीच बसने मॉलमध्ये यायची आणि दोघी फूड कोर्टात चहा घेत बसायच्या.

"आलं का गं रीजनचं काही?" सिबिल विचारायची.

"कुठलं, ताई. ते म्हणतात शहराला विचारा, शहर म्हणतं रीजनला विचारा."

असे तीन हिवाळे गेले. शेवटी सिबिलने कंटाळून सोशल वर्करच्या मदतीने स्वतःच अर्ज केला. तीन आठवड्यांत मंजुरी आली. जुडिथच्या वाढदिवशी, काही न कळवता, ती दोन व्हॅन बदलून तिच्या घरी पोहोचली.

जुडिथची सून ड्राइव्हवेतलं बर्फ शोव्हल करत होती. "आई बेसमेंटमध्ये असतात," असं म्हणत तिने बाजूचं दार उघडून दिलं. समोर सरळ खाली उतरणाऱ्या बारा पायऱ्या होत्या. तळाशी जुडिथची कॉट आणि तिला लागून कपड्यांचा ड्रायर दिसत होता.

कठडा धरत, धापा टाकत जुडिथ वर आली. तिने व्हीलचेअरच्या चाकांकडे पाहिलं, मग मागे वळून पायऱ्यांकडे.

"तुला कुठे बसवणार होते, ताई?" ती म्हणाली. "मी अर्ज केलाच नव्हता."