टाकून दिलेलं नाव

"आई, नाव ठरलं बरं का!" लेक बाळाला खांद्यावर घेऊन आत आली आणि कोरं दुपटं तिने मशीनवर टाकलं. "यावर तुझ्या हातचं हवं. गुलाबी दोऱ्यात."

या आईला गल्लीत सगळे टाकेकाकू म्हणत. पुढच्या खोलीत भरतकामाचं मशीन, खिडकीशी खुर्चीत पेंगणारे म्हातारे वडील, आणि काम एकच: दुपट्यांवर, टोप्यांवर, शाळेच्या दप्तरांवर पोरांची नावं भरून द्यायची. नावांची कधी कसली लाट आली ते काकूंच्या बोटांना ठाऊक. मध्यंतरी सगळ्यांची गाडी एकाच नावावर अडली होती. रस्त्यात एकाला हाक मारावी तर चौघं धावत यायची. मग नावं आखूड झाली, दोन अक्षरांत खेळ खलास. मग आली ती अर्थ विचारावा लागणारी. आईबाप कौतुकाने सांगायचे, "म्हणजे पहाटेच्या आधीचा उजेड." आणि सोबत आलेली आजी पुटपुटायची, "पडला उजेड!"

"सांग," काकू दोरा ओवत म्हणाल्या. "किती अक्षरं?"

"चार." आणि लेकीने नाव सांगितलं.

दोरा सुईच्या नाकाशीच थांबला.

ते नाव इथे लिहीत नाही. काकूंनी ते एकदा टाकून दिलंय, आपण कशाला उचलून दाखवायचं? हो, ते त्यांचंच होतं. वडिलांनी हौसेने ठेवलेलं. कॉलेजात मुली फिदीफिदी हसायच्या, "अगं, तुझं नाव जन्मालाच म्हातारं आलंय!" तेव्हा रडून, रुसून, ताटावरून उठून काकूंनी ते बदलून घेतलं. त्या काळी चालायचं तसलं, छोटंसं, गोड नाव निवडलं. वडिलांनी मुकाट सही करून दिली. आणि त्या दिवसापासून त्यांनी पोरीला ना जुन्या नावाने हाक मारली, ना नव्या. "अगं." "ऐकलंस का." नाहीतर नुसतं खाकरायचं. याला आता चाळीस वर्षं होत आली. नव्या नावाने एकदा तरी हाक मारा म्हणून काकूंनी आधी हट्ट केला, मग वाट पाहिली. हल्ली हल्ली तर जुनं का होईना, पण काहीतरी म्हणा हो बाबा, इथवर त्या आल्या होत्या. पण हे बोलणार कुणाजवळ? लेकीला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"असलं जुनाट?" काकू म्हणाल्या. "शाळेत हसतील तिला."

"हसतील? आई, तू कुठल्या जमान्यात आहेस! आता लोक पणजी-खापरपणजीचीच नावं हुडकतात. माझ्या मैत्रिणी तर जळल्या ऐकून. ह्यांना फोनवर सापडलं."

"दुसरं बघा."

"का पण?"

सांगायला हवं होतं. ओठांपर्यंत आलंही होतं. पण मला माझ्या नावाची लाज वाटायची, हे पोटच्या पोरीला कुठल्या तोंडाने सांगायचं?

"बघा आपलं," एवढंच त्या म्हणाल्या.

लेक कसली ऐकते! ती खिडकीशी गेली, वाकली, आणि म्हाताऱ्याच्या कानात ओरडून म्हणाली, "आजोबा, नाव ठरलं!" मग नाव सांगितलं. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं.

काकूंनी मान खाली घातली.

"पुन्हा सांग," आजोबा म्हणाले.

तिने पुन्हा सांगितलं.

"कुणी सुचवलं?" त्यांची नजर मशीनकडे गेली होती.

"कुणी नाही, आम्हीच शोधलं. आवडलं ना?"

"माझ्या आईचं नाव ते."

"अय्या! म्हणजे हिच्या खापरपणजीचंच? आई, तू कधी बोलली नाहीस!"

"विसरले," काकू म्हणाल्या.

आजोबांनी हात पुढे केले. "आण इकडे तिला."

लेकीने बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. काकूंनी दुपटं रिंगमध्ये ताणून बसवलं आणि मशीन सुरू केलं. आयुष्यात हजारो नावं भरली, अक्षर कधी वाकडं गेलं नव्हतं. पहिलं अक्षर उमटलं. दुसरं थोडं वाकडं आलं. पोरगी मोठी झाली की विचारेल, आजीचा टाका इथेच कसा चुकला म्हणून.

तेवढ्यात मागून त्याच नावाने हाक आली. हळूच, शेवटचं अक्षर लांबवत. खेळायला गेलेल्या पोरीला ते पूर्वी तिन्हीसांजेला दारातून हाक मारायचे ना, अगदी तश्शी.

"ओ! आले बाबा!"

पेडलवरचा पाय सुटला, मशीन थांबलं. काकू उठून उभ्यासुद्धा राहिल्या होत्या.

लेक खो खो हसत सुटली. "आई, तुला काय झालं? हिला हाक मारतायत ते!"

आजोबांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मग त्यांनी काकूंचं ते छोटंसं, गोड नाव घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दवाखान्यात एखाद्या अनोळखी बाईचं पुकारतात तसं, जपून आणि स्पष्ट.

"तुला नाही," ते म्हणाले. "तू बस."