चौथी खिडकी

"सही करा काका, पाहुणे खोळंबलेत," चौकीच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी कागद पुढे सरकवला.

काकांनी पेन घेतलं, पण टोपण काही काढलं नाही. टेकडीवरच्या या टेहळणी चौकीत त्यांनी गळ्यात दुर्बीण अडकवून सत्तावीस वर्षं काढली होती. आता शेजारच्या बड्या मित्रदेशाने नवंकोरं रडार भेट दिलं होतं. ते चहा मागणार नव्हतं, की त्याचा डोळा लागणार नव्हता. म्हणजे दुर्बीण जमा आणि काका घरी. 'यंत्र चारी दिशांना नीट बघतं, पहारा त्याच्या हवाली केला', एवढंच त्या कागदावर होतं.

तेवढ्यात घरघर ऐकू आली. मित्रदेशाचं हेलिकॉप्टर रोज याच वेळी खिंडीतून यायचं. काकांनी सवयीने वर पाहिलं, मग रडारच्या पडद्याकडे. तीन बाजूंना पक्ष्यांचे थवेसुद्धा दिसत होते. खिंडीची बाजू मात्र काळीकुट्ट. हेलिकॉप्टर डोक्यावरून पार पुढे गेलं, तेव्हा कुठे एक ठिपका उमटला.

"ते आलं कुठून, हे यात का दिसत नाही?" काकांनी विचारलं.

मित्रदेशाचा इंजिनियर तीन दिवस इथेच मुक्कामाला होता. माणूस मोठा गोड. "ती आमची बाजू, काका. तिकडून तुम्हाला कसली भीती?" त्याने भिंतीकडे बोट केलं. "तिकडची खिडकी तर तुम्हीच बंद केलीय."

काकांचा चेहरा पडला. खोलीला खिडक्या चार, पण चौथीपुढे लोखंडी कपाट उभं होतं. रेनकोट आणि कंदील ठेवायला जागा नव्हती, आणि मित्राकडे काय बघत बसायचं, म्हणून ऐन उमेदीत काकांनीच ते तिथे ढकललं होतं. वर शाबासकीही मिळवली होती. त्यांना स्वतःचाच संताप आला.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मी सही करणार नाही."

"काका, यंत्र परत नेतील ते," मॅडम हळूच म्हणाल्या. सकाळपासून वरून दोनदा फोन येऊन गेला होता.

"खुशाल नेऊ देत. एका बाजूने आंधळ्या पहारेकऱ्याच्या हाती मी चौकी देत नसतो."

इंजिनियरचं हसू मावळलं. "मॅडम, हा मैत्रीचा अपमान आहे. मला वर कळवावं लागेल."

मॅडमनी आयुष्यातला पहिला पहारा काकांच्याच हाताखाली दिला होता, याच खोलीत. त्या उठल्या. टोपी काढून त्यांनी कागदावर ठेवली आणि बाह्या वर सारल्या.

"जरूर कळवा," त्या इंजिनियरला म्हणाल्या. मग काकांकडे वळल्या. "काका, दुर्बीण गळ्यातच राहू द्या. आधी या कपाटाला हात लावा."