चेसी नंबरचा ठसा

“भीम्या, तुला गाडीचा चेसी नंबर मागितला हुता, तुझ्या आधार कार्डाचा न्हाई!” आरटीओतले एजंट उत्तमराव माझ्यावर वरडले.

“मी काय येडा हाय का? हँडलखालच्या नंबरावर कागद ठिवला आन पेन्सिल घासली. तुमीच तसं सांगितल्यालं.”

पन कागदावर माझ्या आधारचेच बारा आकडे हुते.

मामाची ही जुनी जपानी गाडी, पासिंगची मुदत कवाच संपल्याली. आज पासिंग झालं न्हाई तर सांजच्याला मामा ती भंगारवाल्याला देनार, आन मग जायला गाडीच न्हाई म्हनल्यावर सुप्याच्या कंपनीतलं काम गेलंच. शाळा सोडल्यापासनं तेवढं एकच काम मिळालंय.

उत्तमरावांनी सोता कागद धरला. लोखंडावर इंग्रजी अक्षरं चकचकीत दिसत हुती. पेन्सिल फिरवली तर परत माझाच नंबर उठला. तिसऱ्यांदाबी तेच.

माझं डोकं फिरलं. “काका, चेष्टा लावलीय का माझी?”

त्यांनी माझं मनगट धरलं, त्याच्यावर कोरा कागद ठिवला आन हळूहळू पेन्सिल घासली. मला हसू आलं. कागदावर मातर एकेक करून गाडीचा आख्खा नंबर उठला. मी मनगट चोळून बघितलं. कातडी साधीच हुती, गुळगुळीत.

उत्तमराव माझ्या तोंडाकडं बघंनात. तेवढ्यात इन्स्पेक्टर साहेबांनी आवाज दिला, “पुढची गाडी आणा रे!”

उत्तमरावांनी गाडी तिथंच स्टँडवर ठिवली आन साहेबांकडं न्यायला माझा दंड धरला. मला आता जायला लागतंय.