पहिल्या धारेचे मोती

भट्टीतून पहिली धार आली की वाटीभर जमिनीवर ओतायची, ज्यानं त्या दारूची घायपात लावली त्याच्या नावानं. तकीला गाळणाऱ्या आमच्या गावात हे लहान पोरालाही सांगावं लागत नाही. निळी घायपात पिकायला सात-आठ वर्षं घेते; लावणारा चाखायला राहीलच असं नाही.

यंदा काढलेली घायपात बाबांनी लावलेली होती. बाबा मात्र कधीच गेले.

आणि नेमकी मीच विसरले. भर दुपारी धार सुटली तशी भोपळ्याची वाटी भरून सरळ अबुंदिओमामांच्या हातात दिली. मामा आमचे जुने भट्टीवाले. वाटीत उंचावरून धार पाडतात आणि वर येणाऱ्या बुडबुड्यांच्या मोत्यांवरून दारूचा कस सांगतात.

मोती आले, कडेनं गोल बसले आणि फुटेनात.

"मामा, फार कडक झाली का?"

"गप बस, क्रिसांता. इकडे बघ."

मी वाकले. आमच्या डोक्यावर कौलं होती, पण मोत्यांत लाल मातीचं शेत होतं. प्रत्येक मोत्यात तेच शेत, आणि डावा पाय ओढत रोपं लावणारा तोच पाठमोरा माणूस.

"तुझा बाप, एलेउतेरिओ," मामा पुटपुटले. "मेल्यावरही बसवत नाही बघ याला."

मामांनी वाटी हलवून बघितली. मोती मात्र हलत नव्हते.

मग सगळ्या मोत्यांतले बाबा एकदम ताठ उभे राहिले. पावसाची वाट बघणारा बघतो तसं त्यांनी वर, आमच्याकडे बघितलं. डोक्यावरची गवती टोपी काढली, उलटी केली, आणि दोन्ही हातांनी आमच्यापुढे धरली.